भोगणाऱ्याची साक्ष

अमावास्येच्या आगेमागे मोठी ओहोटी लागली, की कोकणातल्या खाड्यांच्या काठी बायका तिसऱ्या वेचायला उतरतात. पाय चिखलात, लुगडे वर खोचलेले, हातात एखादी कोयती नाहीतर नुसतीच बोटे, आणि शेजारी एक टोपली. बोटांनी गाळ चाचपावा, कठीण लागले की उचलावे, रिकामा शिंपला टाकून द्यावा, भरलेला टोपलीत टाकावा. भरतीचे पाणी चढेपर्यंत हे चाललेले असते. पाहणाऱ्याला हे नुसते वेचणे वाटते. पण त्यात एक परीक्षाही आपोआप होत असते. गाळाचा वरचा थर तपकिरी असला, त्यावर बारीक बिळांची तोंडे दिसली, की हात पुढे जातो. गाळ वरपासूनच काळा असला आणि उकरताच कुजक्या अंड्यासारखा वास आला, की हात मागे येतो. तो काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा, तो वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा, आणि दोन्हींचा अर्थ गाळातला प्राणवायू संपला आहे, असे रसायनशास्त्र सांगते. वेचणाऱ्या बाईला ही नावे ठाऊक नसली तरी तिचा निष्कर्ष तोच असतो: इथे आता कोणी राहत नाही.

या निष्कर्षाकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. पाणी कसे आहे, हे तिने पाण्याला विचारलेले नाही. इथे कोण राहते आणि जे राहते ते जिवंत आहे की नाही, एवढेच तिने विचारले. गेल्या सव्वाशे वर्षांत समुद्रशास्त्राने हीच विचारणा अधिक शिस्तीने केली. किनाऱ्याजवळच्या पाण्याची प्रकृती ठरवायची तर तळाच्या गाळात राहणाऱ्या प्राण्यांची मोजदाद करावी, ही पद्धत आज जगभर रूढ आहे. ती शास्त्रीय दृष्ट्या उपयुक्त आहे, याविषयी वाद नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. दुसऱ्याच्या जगण्यामरण्यावरून आपण जेव्हा आपले निदान करतो, तेव्हा त्या दुसऱ्याशी आपले नाते काय असते? तो आपले उपकरण असतो, की आणखी कोणी?

आधी पद्धत समजून घेऊ. होडीवरून एक पोलादी जबडा दोराने खाली सोडतात. त्याचा आज फार वापरला जाणारा एक प्रकार डच अभियंता योहान व्हॅन व्हेन याने १९३३ साली बनवला. तळाला टेकताच जबड्याचा अडसर सुटतो आणि वर ओढताना तो मिटतो. साधारण एक दशांश चौरस मीटर तळ त्यात सापडतो. तो गाळ एक मिलिमीटर किंवा अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर धुतात. चिखल वाहून जातो आणि चाळणीवर उरतात ते तळवासी प्राणी: गांडुळाच्या दूरच्या नात्यातल्या पण अंगावर राठ केसांचे झुबके असलेल्या वलयी कृमी, लहान शिंपले, शंख, कोळंबीच्या कुळातले नखाएवढे कवचधारी जीव, कधी एखादा सडपातळ हातांचा तारामासा. ते फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, गुलाबी रंग देऊन वाळूच्या कणांतून निवडतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेकाची जात ओळखून मोजतात. कंटाळवाणे, डोळे दुखवणारे काम आहे. एका लहान सर्वेक्षणातले नमुने निवडण्यात महिने जातात.

मग सरळ बाटलीत पाणी भरून त्याची तपासणी का करू नये? करावीच, पण बाटलीतले पाणी फक्त त्या घटकेपुरते बोलते. रात्री कोणी काय सोडले, गेल्या महिन्यात काय वाहून आले, हे सकाळच्या बाटलीत सापडत नाही. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा पुरावा धुऊन नेते. मासा तर पळून जातो. पाणी बिघडले की तो दुसरीकडे जातो, आणि त्याच्या नसण्याचे कारण पाणी होते की जाळे, हे कळत नाही. गाळातली कृमी मात्र जागा सोडू शकत नाही. शिंपला आपल्या वीतभर जागेत महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे बसलेला असतो. वरून जे जे येईल ते त्याला घ्यावे लागते. त्यामुळे गेल्या कित्येक महिन्यांचा इतिहास त्याच्या असण्यात किंवा नसण्यात साठून राहतो. तळवासी प्राण्यांचे निदानातले सारे मोल या एका गोष्टीत आहे, की त्यांना पळता येत नाही.

हे मोल शास्त्राला लगेच उमगले नव्हते. तळाच्या प्राण्यांची पद्धतशीर मोजदाद सुरू केली ती डेन्मार्कच्या योहानेस पेटरसन याने, विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत. त्याचा प्रश्न मच्छीमारांचा होता: डेन्मार्कच्या समुद्रात तळाशी माशांचे खाद्य किती, आणि त्यावर किती मासे पोसतील? समुद्राचे मूल्यमापन, हा त्याचा स्वतःचा शब्दप्रयोग. तेव्हा कृमी म्हणजे खाद्य होते. ती साक्षही देऊ शकते, हे कळायला कारखाने यावे लागले.

या बाबतीत १९६६ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर साल्टशेलेफ्योर्ड नावाची एक चिंचोळी खाडी आहे. लाकडाचा लगदा करणाऱ्या कारखान्याचे सांडपाणी तिच्यात येत असे. तो कारखाना १९६६ साली बंद पडला. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये, फोर्ट विल्यमजवळ कॉर्पाख येथे, लगद्याचा एक नवा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या तंतुमय गाळाची वाट लॉख लिनी व लॉख ईल या खाड्यांत निघाली. स्वीडनमध्ये रुटगर रोझेनबर्ग तळावरचे जीवन परत येताना पाहत होता, स्कॉटलंडमध्ये टी. एच. पिअर्सन ते बिघडताना पाहत होता. त्याने तर कारखाना सुरू होण्याच्या आधीपासूनच नोंदी ठेवल्या होत्या. १९७८ साली दोघांनी मिळून एक प्रबंध लिहिला. आपल्या दोन खाड्यांबरोबर जगातल्या इतर अनेक ठिकाणांच्या नोंदी त्यांनी शेजारीशेजारी मांडल्या आणि त्यांना सर्वत्र एकच क्रम दिसला. सांडपाण्याच्या तोंडाशी काहीच जगत नाही. थोडे दूर गेले की दोन-चार जातींच्या बारीक कृमी प्रचंड संख्येने माजतात. आणखी दूर गेले की संख्या घटते, पण जाती वाढू लागतात. अगदी दूर, निरोगी तळात, खोल बिळे करणारे, सावकाश वाढणारे, दीर्घायुषी असे नाना प्रकारचे प्राणी एकत्र नांदतात. जो क्रम अंतरात, तोच काळात. कारखाना बंद झाल्यावर जीवन परतते तेही याच पायऱ्यांनी. स्वीडनच्या त्या खाडीला या पायऱ्या चढायला साधारण आठ वर्षे लागली.

पुढे या क्रमाचे आकडे झाले. स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरील आंखेल बोर्खा आणि त्याचे सहकारी यांनी २००० साली एक निर्देशांक मांडला. त्यात तळवासी जातींचे पाच गट आहेत. अगदी हळव्या जाती एका टोकाला, घाणीत माजणाऱ्या दुसऱ्या टोकाला. नमुन्यात कोणता गट किती, यावरून एक संख्या निघते आणि त्या संख्येवरून पाण्याची प्रत. त्याच वर्षी युरोपीय संघाने पाण्याविषयीचा जो मूलभूत निर्देश काढला, त्यात तळवासी प्राण्यांची स्थिती ही पाण्याच्या प्रतवारीची एक कसोटी म्हणून स्वीकारली गेली. पाणी मूळच्या, कोणी न बिघडवलेल्या स्थितीपासून किती ढळले, यावरून त्याची प्रत ठरायची; उत्तमपासून अगदी वाईटपर्यंत पाच पायऱ्या.

भारतातही किनारी पाण्याचे पाच वर्ग आहेत. पण ते करण्यामागची दृष्टी निराळी आहे. आपल्याकडे वर्ग ठरतात ते पाण्याच्या 'सर्वोत्तम उपयोगा'वरून. पहिला वर्ग मिठागरे, शिंपल्यांची पैदास आणि जपण्यासारखी निसर्गस्थाने यांच्यासाठी, दुसरा पोहण्यासाठी आणि मासेमारीसाठी, पुढे कारखान्यांची यंत्रे थंड करण्यासाठी, मग बंदरासाठी, आणि पाचवा जहाजांच्या ये-जा करण्यासाठी व नियंत्रित सांडपाणी सोडण्यासाठी. व्यवहारात अशी विभागणी लागते, हे मी नाकारत नाही. पण पाण्याचा 'सर्वोत्तम उपयोग' सांडपाणी सोडणे, हे शब्द एकापुढे एक वाचले की मन अडखळते. या पाचव्या वर्गाच्या पाण्याखालीही तळ आहे. तिथे राहणाऱ्यांना आपल्या घराचा सर्वोत्तम उपयोग कोणता, असे कोणी विचारलेले नसते.

इथे कोणी म्हणेल, की हा सारा भावनेचा खेळ झाला. कृमीला घर कसले? आपल्याला काळजी आहे ती माणसाची: त्याच्या अन्नाची, त्याच्या आरोग्याची. कृमी उपयोगी आहे कारण ती आपल्याला वेळीच इशारा देते. तापमापकातला पारा चढला की आपण रोग्याची चिंता करतो, पाऱ्याची नाही.

हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण त्यातली उपमाच त्याच्यावर उलटते. तापमापकाला ताप येत नसतो. काचेच्या नळीला बरे असणे नाही आणि आजारी असणेही नाही. म्हणूनच ती उपकरण आहे. मग 'पाण्याची प्रकृती बिघडली' असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा ती प्रकृती कोणाची? पाण्याला प्रकृती नसते. पाणी म्हणजे एक संयुग. त्यात मीठ विरघळले काय, पारा विरघळला काय, प्राणवायू उरला काय की संपला काय, पाण्याला त्याचे सुखदुःख नाही. प्रकृती हा शब्द जिवंत वस्तूलाच लावता येतो, कारण जिला काही हित आहे तिलाच अहित होऊ शकते. आपण समुद्राचे आरोग्य म्हणतो ते त्यात राहणाऱ्यांचे आरोग्य असते. निदान राहणाऱ्यांना वगळून त्या शब्दाला अर्थच उरत नाही. कल्पना करा, एखादे रसायन टाकून सारा किनारा काचेसारखा स्वच्छ केला, माणसाला पोहायला काही अपाय नाही, पण तळाशी एकही जीव नाही. त्या समुद्राला आपण निर्जंतुक म्हणू, नितळ म्हणू. निरोगी म्हणणार नाही. म्हणजे समुद्राच्या प्रकृतीची गोष्ट ज्याने काढली, त्याने कृमीचे जगणे ही मोजण्यासारखी गोष्ट आहे हे आधीच मान्य केले. आपण जिला तापमापक समजत होतो, ती रोगी होती.

तिला वेदना होतात की नाही, हा प्रश्न मी इथे सोडवू शकत नाही आणि तो सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही असेही मला वाटत नाही. आपल्या परंपरेत या जीवांकडे बारकाईने पाहिलेले आहे. जैन विचारवंतांनी प्राण्यांची वर्गवारी इंद्रियांवरून केली. कृमी, शंख, शिंपले यांना त्यांनी द्वींद्रिय म्हटले. स्पर्श आणि चव, एवढी दोनच इंद्रिये असलेले जीव. आधुनिक प्राणिशास्त्राची वाट वेगळी आहे, पण गाळातल्या आयुष्याचे हे वर्णन मला फार समर्पक वाटते. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याला जग कळते ते अंगाला काय लागते आणि तोंडात काय येते यावरूनच. त्याच्या भोवतालच्या चिखलात आपण काही सोडले, तर ते त्याच्या सर्व जगात सोडलेले असते.

पण इथे एक अडचण उभी राहते, आणि ती टाळून चालणार नाही. घाणीत माजणाऱ्या कृमीचे काय? तिचे हित तर आपण ज्याला बिघाड म्हणतो त्यातच आहे. या जातींत सर्वांत प्रसिद्ध कॅपिटेला. दोऱ्यासारखी बारीक, रक्तद्रव्यामुळे तांबूस दिसणारी ही कृमी सांडपाण्याच्या तोंडाशी, तेल सांडलेल्या किनाऱ्याशी, मत्स्यपालनाच्या पिंजऱ्यांखाली प्रथम येते आणि अगणित वाढते. शास्त्राच्या भाषेत तिला 'संधिसाधू' म्हणतात. हा शब्द मूळचा जीवशास्त्राचा नाही. तो आपल्या निंदेच्या कोशातला आहे. 'हळव्या' जाती आणि 'संधिसाधू' जाती अशी नावे दिली, की न कळत एक सज्जनांची आळी तयार होते आणि एक दुर्जनांची.

या नावाची गंमत पुढे आहे. १९६९ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वेस्ट फॅल्मथजवळ 'फ्लोरिडा' नावाची तेलवाहू बार्ज खडकांवर चढली आणि तिच्यातले इंधनतेल किनाऱ्याला लागले. तळावरचे बहुतेक प्राणी मेले आणि त्या मोकळ्या जागेत कॅपिटेला उसळली. ज्युडिथ आणि फ्रेडरिक ग्रासल या दांपत्याने तिचा बारकाईने अभ्यास केला. १९७६ साली त्यांनी दाखवून दिले, की आपण जिला एक जात समजून सरसकट घाणीची खूण म्हणत होतो, त्या एकाच नावाखाली निदान सहा वेगळ्या जाती आहेत. वरून जवळजवळ सारख्या. पण कोणाची पिल्ले केव्हा होतात, कशी वाढतात, किती दूर तरंगत जातात, हे सारे निराळे. पुढे जपानमध्ये मत्स्यपालनाच्या पिंजऱ्यांखाली साचलेला कुजका गाळ साफ करण्यासाठी कॅपिटेलाच मुद्दाम वाढवून सोडण्याचे प्रयोग झाले. कारण ती जो गाळ खाते आणि उकरते, त्यात पुन्हा प्राणवायू शिरतो आणि मागून येणाऱ्यांना जागा होते. ज्याला आपण घाणीची खूण म्हणून नाक मुरडत होतो, तो घाण उपसणारा पहिला जीव होता.

माणसे आणि कृमी एका मापाने मोजण्याचा अडाणीपणा मला करायचा नाही. पण न्याय करताना होणारी एक चूक दोन्हीकडे एकाच जातीची आहे, आणि ती आपल्या समाजाच्या चांगल्याच परिचयाची आहे. मैला ज्यांनी केला ते स्वच्छ राहिले आणि ज्यांना तो उपसावा लागला त्यांना अस्वच्छ ठरवले गेले; हाताने मैला साफ करून घेणे बंद करण्यासाठी १९९३ मध्ये कायदा करावा लागला आणि तो पुरला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा. घाणीजवळ जो दिसतो त्याला घाणीचे कारण समजायचे, ही मनाची जुनी खोड आहे. ती शास्त्राच्या परिभाषेतून आत शिरली तरी तिचे स्वरूप बदलत नाही.

मग निरोगी तळ आणि रोगी तळ यांत फरक नाही का? आहे, पण तो सज्जन कृमी आणि दुर्जन कृमी यांच्यातला नाही. रोगी तळात जगण्याची एकच तऱ्हा शिल्लक राहते. निरोगी तळात उथळ बिळातला, खोल बिळातला, गाळ खाणारा, पाणी गाळून जगणारा, महिन्याभरात संपणारा आणि वर्षानुवर्षे टिकणारा अशा अनेक तऱ्हा एकमेकांना जागा देऊन असतात. कॅपिटेलालाही तिथे थोडी जागा असते. नुसती संख्या मोजली तर रोगी तळच अधिक भरलेला दिसेल. पिअर्सन आणि रोझेनबर्ग यांच्या क्रमातली दुसरी पायरी सर्वांत गजबजलेली असते. गर्दी हे आरोग्याचे लक्षण नव्हे, ही गोष्ट शहरात राहणाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

साक्षीदाराच्या बाबतीत आणखी एक अन्याय होऊ शकतो: त्याची भाषा न शिकता त्याचा जबाब लिहून घेणे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हा धोका खरा आहे. जूनमध्ये पावसाचे लोंढे आले, की कोकण-गोव्याच्या खाड्यांतला खारेपणा अचानक उतरतो. वरच्या भागात तर पाणी जवळजवळ गोडे होते. अनेक तळवासी प्राणी मरतात किंवा वाहून जातात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात समुद्राच्या खोल भागातले प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याच्या उथळ तळावर सरकते. दिवाळीनंतर हळूहळू सारे पुन्हा वसते. म्हणजे दरवर्षी निसर्गच इथला तळ मोडतो आणि पुन्हा मांडतो. मोडलेल्या जागी प्रथम येणारे जीव कोण असणार? तेच, ज्यांना दुसऱ्या किनाऱ्यावरच्या यादीत प्रदूषणाची खूण म्हटले आहे. खाडीत मुळातच काटक, सोशीक जातींचे राज्य असते. तिथे निसर्गाचा ताण कोणता आणि माणसाचा कोणता, हे नुसत्या आकड्यावरून ओळखता येत नाही. युरोपात बेतलेला अंगरखा जसाच्या तसा इथे चढवला तर निरोगी खाडी आजारी ठरेल. आणि त्याहून वाईट म्हणजे आजारी खाडीचे पाप पावसाच्या माथी मारता येईल. यावर उपाय एकच: त्याच जागी, ऋतूमागून ऋतू, वर्षामागून वर्ष जाऊन विचारत राहणे. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिची स्थापनाही, योगायोगाने, १९६६ सालचीच. अशा संस्थांमध्ये चाळणीवरून कृमी निवडत बसलेल्या माणसाचे काम रटाळ वाटते. पण इथल्या गाळाची बोली शिकण्याला जवळची वाट नाही.

आणि मूळची, न बिघडलेली स्थिती म्हणजे तरी कोणती? ज्याने ती पाहिली तो आज नाही. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली एक साधी गोष्ट ध्यानात आणून दिली. प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळात जो समुद्र पाहते, त्यालाच मूळचा समजते आणि तिथून पुढची घट मोजते. आजीला टोपलीभर तिसऱ्या मिळत, आईला अर्धी टोपली, मुलीला ओंजळभर. आणि मुलगी आपल्या नातीला सांगते, आमच्या वेळी ओंजळभर मिळत. कोणी खोटे बोलत नाही, आणि तरी तिघींच्या बोलण्यातून एक टोपली नाहीशी होते. म्हणून माणसाच्या आठवणीपेक्षा गाळातल्या जीवांची लिहून ठेवलेली नोंद अधिक भरवशाची. पिअर्सनने कारखान्याच्या आधी नोंदी ठेवल्या होत्या म्हणूनच त्याच्या साक्षीला वजन आले.

आता सर्वांत अवघड गोष्ट. या साक्षीसाठी आपण साक्षीदाराला मारतो. पोलादी जबडा वर येतो, चाळण धुतली जाते, फॉर्मॅलिन ओतले जाते. तळ जिवंत होता हे सिद्ध करण्यासाठी त्याचा तेवढा तुकडा मेलेला असावा लागतो. तळाची उभी काप घेऊन छायाचित्र टिपणारे यंत्र आता आहे, गाळात सुटलेल्या जनुकद्रव्यावरूनही जाती ओळखता येऊ लागल्या आहेत. त्यामुळे हा हिशेब कमी होईल. तो अगदी संपेल असे दिसत नाही. मी या पद्धतीचा निषेध करणार नाही. एका नमुन्यात मरणारे जीव आणि एका नळातून येणाऱ्या विषाने मरणारे जीव यांची तुलनाच होऊ शकत नाही. पण जीव घेऊन मिळवलेली साक्ष घेणाऱ्याला मोकळे सोडत नाही. ज्या अहवालासाठी ते मारले गेले, तो अहवाल कपाटात पडून राहिला, तर त्यांना मारण्याचे समर्थन उरत नाही. वाचला न गेलेला अहवाल हा केवळ कार्यालयीन आळस वाटतो; माझ्या मते ती लहानशी हिंसा आहे.

आपल्या तत्त्वज्ञानात साक्षी हा शब्द मोठ्या मानाचा आहे. वेदान्तातला साक्षी सर्व पाहतो, पण त्याला कशाचा स्पर्श होत नाही; भोग भोगणारा वेगळा, पाहणारा वेगळा. न्यायालयातही अलिप्त साक्षीदाराचे वजन अधिक, निकालात ज्याचा स्वार्थ गुंतला आहे त्याची साक्ष अधिक पारखून घेतात. समुद्राच्या तळाशी हा नियम उलटा होतो. तिथे अलिप्त राहून पाहणारा कोणी नाही. जो भोगतो तोच सांगतो, आणि भोगले म्हणूनच त्याचे सांगणे खरे. त्याची साक्ष शब्दांत नसते. ती त्याच्या असण्यात असते, आणि पुष्कळदा नसण्यात. अलिप्त साक्षीदाराचे ऐकून न्यायाधीशाने निकाल दिला की साक्षीदाराचे काम संपते. भोगणाऱ्याची साक्ष ऐकली की ऐकणाऱ्याचे काम सुरू होते, कारण ती साक्ष आणि गाऱ्हाणे एकच असते. 'पाण्याची प्रत: वाईट' एवढे लिहून आपण सही केली, तर आपण आकडा नोंदवला, त्याचे म्हणणे ऐकले असे होत नाही.

आणि ऐकले तर काय होते, हेही स्वीडनच्या त्या खाडीने दाखवले आहे. नळ थांबला. पुढे कोणी कृमी नेऊन सोडल्या नाहीत, कोणी तळ नांगरला नाही. आधी काटक जीव आले, त्यांनी गाळ उकरला. त्यांच्यामागून दुसरे आले. मग खोल बिळांचे, सावकाश वाढणारे. क्रम त्यांचा होता, वेळही त्यांनीच ठरवली. माणसाच्या हातात फक्त थांबणे होते.

संध्याकाळी भरतीचे पाणी चढू लागते. बायका टोपल्या कमरेला लावून काठावर येतात, पाय धुतात. जिथे आज हात मागे घेतला ती जागा त्यांच्या ध्यानात राहते. पुढच्या अमावास्येला त्या पुन्हा तिथे बोट घालून पाहतील. काळ्या गाळावर कुठे तपकिरी साय धरली आहे का, एखादे बारीक भोक दिसते का, ते पाहतील. मला वाटते, समुद्राच्या प्रकृतीची विचारपूस अशी करावी: परत येऊन, त्याच जागी, आणि कोणीतरी राहायला आले असेल या आशेने.